संपलं?

गेल्या भाद्रपदात डोंबिवलीला आतेभावाकडे गेलो होतो. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती. विसर्जन करून परतलो, चिमूटभर माती पाटावर ठेवून आरती केली, वाटली डाळ खाऊन मंडळी पांगली. मखरातली दिव्यांची माळ चालूच राहिली होती आणि आत मूर्ती नव्हती. कापराचा वास मात्र खोलीभर तसाच. विसर्जनानंतरची ही वेळ मला लहानपणापासून सोसत नाही. सगळे मोठ्याने बोलतात, पण कुणाचं बोलण्यात लक्ष नसतं. दादा भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "लाव काहीतरी." दादा असं म्हणाला की काय लावायचं ते आमच्यात पस्तीस वर्षांपासून ठरलेलं आहे. जेफ बेक, इंग्लंडचा रॉक गिटारवादक. फक्त कुठला जेफ बेक, यावर भांडण. त्या दिवशी पाहुण्याचा हक्क सांगून मी माझा बेक लावला, 1989च्या 'गिटार शॉप' या अल्बममधला 'व्हेअर वेअर यू'. तीन-सव्वातीन मिनिटांचा तुकडा. ड्रम नाहीत, गाणारा नाही, कीबोर्डचा पातळ थर आणि त्यावर एकटी गिटार. एका जागी ती इतकी वर जाते की सूर केसाएवढा बारीक होतो. दादा डोळे मिटून ऐकत होता. नेमक्या त्या जागी त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "संपलं?"

संपलं नव्हतं. सूर खोलीत होता. मला ऐकू येत होता.

मी "हो" म्हणालो आणि फोनवर अंगठा ठेवून गाणं बंद केलं.

दादाच्या कानांचं मला माहीत होतं. महिनाभर आधी त्याने कानाच्या तपासणीचा कागद दाखवला होता. डावीकडून उजवीकडे कंपनसंख्या वाढत जाते, आणि त्याची रेघ हजारापर्यंत बऱ्यापैकी सपाट चालून नंतर कड्यावरून दगड सुटावा तशी खाली जाते, चार हजारांपाशी पार तळाला. सतत गोंगाटात काम करणाऱ्यांचा कान आधी तिथेच, चार हजारांच्या आसपास जातो. दादाने एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. पत्र्यावर डाय आदळण्याचा तो आवाज मी एकदा दिवाळीच्या पूजेला गेलो असताना पाच मिनिटं ऐकला होता आणि बाहेर येऊन पाणी प्यायलो होतो. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घातले तर बाजूच्या माणसाची हाक ऐकू येत नाही आणि हात जायची भीती, म्हणून कुणी घालत नसे. लोकांना वाटतं, एवढी कर्कश गाणी ऐकून याचे कान गेले. आत्याही तेच म्हणायची. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला इथे लिहून ठेवायचं होतं.

दादाची खोली म्हणजे चाळीतल्या गॅलरीचं पत्रे मारून बंद केलेलं टोक. तिथे एक खाट, एक टेपरेकॉर्डर आणि बुटांच्या खोक्यात नव्वद मिनिटांच्या कॅसेटी. शेजाऱ्यांचा मुलगा मस्कतला होता, तो सुट्टीवर आला की त्याच्याकडून दादा कॅसेटी भरून घ्यायचा. मी पाचवीत असताना बेकचा 'ट्रुथ' हा अल्बम तिथेच पहिल्यांदा ऐकला. भरून घेतलेल्याची भरून घेतलेली कॉपी, त्यामुळे गाण्याच्या मागे तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी सरसर सतत चालू. तरी त्यातलं 'बेक्स बोलेरो' सुरू झालं की माझ्या पोटात काहीतरी हलायचं. ती एकच लय पुढे पुढे रेटत येते, वर गिटार, आणि मधेच सगळं थांबून एक किंकाळी आणि पुढे धुमाकूळ. दादा सांगायचा, हे 1966 साली वाजवलंय, आणि वाजवणारे कोण ते ऐक: बारा तारांच्या गिटारवर जिमी पेज, ड्रमवर कीथ मून, बेसवर जॉन पॉल जोन्स, पियानोवर निकी हॉपकिन्स. ही नावं तो अशा सुरात घ्यायचा की मला ती एखाद्या घराण्यातली मंडळी वाटायची. पुढे कळलं की घराणं वगैरे काही नव्हतं. एका दिवसापुरती जमलेली माणसं, आणि बेकच्या आयुष्यात तसंच होत राहिलं.

दादाचा पक्ष ठरलेला: 'ट्रुथ' आणि फार तर 'बेक-ओला'. गायला रॉड स्टुअर्ट, बेसला रॉनी वुड, बेकच्या हातात लेस पॉल गिटार. "गाणारा विचारतो आणि गिटार उत्तर देते. सवाल-जवाब आहेत ते," दादा म्हणायचा. त्याच्या मते बेकला समोर कुणीतरी तोलामोलाचा भांडणारा लागायचा. स्टुअर्ट गेला आणि बेक एकट्याशीच बोलायला लागला. कॉलेजात मला आणखी एक मित्र मिळाला, बेस वाजवणारा, त्याचा पक्ष तिसराच: 1975चा 'ब्लो बाय ब्लो' आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा 'वायर्ड', पुढे-मागे काही नाही. बीटल्सच्या जॉर्ज मार्टिनने निर्माता म्हणून बसून केलेला, एक शब्द न गाता अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलेला अल्बम; रॉकवाल्या माणसाने जॅझच्या घरात जाऊन मांडी घालून बसायचं म्हणजे काय ते यात ऐका, असं त्याचं म्हणणं. 'गिटार शॉप'चं नाव काढलं की तो उठूनच जायचा, कारण त्या तिघांत बेस वाजवणाराच नाही. टेरी बोझिओ ड्रमवर, टोनी हायमस कीबोर्डवर, खालचे सूरही कीबोर्डवरच. त्याचा तो राग मला तेव्हा बालिश वाटायचा. आता वाटत नाही. आपलं वाद्य नसलेल्या घरात कुणाला करमेल?

माझा पक्ष मी 1991 साली काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून विकत आणला. 'गिटार शॉप'ची कॅसेट, पहिल्या शिकवणीच्या पैशांतून. दादाला ऐकवायला धावत गेलो. त्याने दोन्ही बाजू मन लावून ऐकल्या आणि म्हणाला, "हात चांगलाय रे. पण गायक हवा होता." तेव्हापासून हे वाक्य तो प्रत्येक वेळी म्हणतो आणि मी प्रत्येक वेळी पेटतो. कारण मला त्या कॅसेटमध्ये गायक ऐकू येत होता. तो हातातच होता.

हा हात नेमकं काय करतो ते समजायला मला फार वर्षं लागली. 2007 साली लंडनच्या रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबमध्ये बेकचे जे कार्यक्रम झाले त्यांचं चित्रीकरण पुढे आलं, आणि त्यात तो उजवा हात जवळून बघायला मिळाला. लहानशी जागा, लोक टेबलांशी बसलेले, व्हिनी कोलायुटा ड्रमवर, आणि बेसवर ताल विल्कनफेल्ड ही विशीतली मुलगी. बेसवाल्या मित्राने त्या दिवशी बेकला सगळं माफ केलं. मी हात बघत होतो. हातात पिक, म्हणजे तार छेडायची चकती, नाही, ते त्याने ऐंशीच्या दशकातच सोडलेलं. तार अंगठ्याने उचलायची. स्ट्रॅटोकास्टर गिटारचा ट्रेमोलो आर्म, म्हणजे ब्रिजला (तारांखालच्या घोडीला) जोडलेला दांडा, तळव्यात आणि बोटांत सतत लोळतो आहे. करंगळी आवाजाच्या बटणावर. तार छेडताना बटण मिटलेलं, छेडली की करंगळी ते उघडते, त्यामुळे सुरू होतानाचा 'टक्' ऐकूच येत नाही, सूर कुठून तरी उगवल्यासारखा येतो. ब्रिज अधांतरी ठेवलेला, म्हणून दांडा दाबला की सूर उतरतो आणि उचलला की चढतोही. 'व्हेअर वेअर यू'मध्ये तो हार्मोनिक काढतो, तारेला नुसता स्पर्श करून निघणारा घंटेसारखा सूर, आणि धूनेतले पुढचे सूर त्याच एका घंटेतून दांड्याने वाकवून काढतो. पट्टीवर बोट नाही, पडदा नाही. एवढा दाबला की कोमल, एवढा सोडला की शुद्ध, हे फक्त कान सांगणार. दांडा दोन मिलिमीटर चुकला तरी सूर बेसूर. बल्गेरियन बायकांची समूहगीतं ऐकून त्याला ही चाल सुचली होती. उघड्या गळ्याच्या त्या आवाजांत सुराला येऊन मिळताना जी हलकी खरचट असते, तीसुद्धा त्याने दांड्यावर घेतली आहे.

मी ते करून बघितलं. माझ्याकडे कोलकात्यात बनलेली एक स्वस्त इलेक्ट्रिक गिटार होती. दांडा तीनदा हलवला की सहाही तारा सहा दिशांना. तरी एकदा, एका रात्री, सातव्या पडद्यावरचा हार्मोनिक दांड्याने हळूच वर नेला आणि तो हवा त्या सुरावर जाऊन टेकला. अर्धा सेकंद. अंगावर काटा आला, आणि लगेच लक्षात आलं की हे दुसऱ्यांदा होणार नाही. झालंही नाही.

गिटारवाल्यांच्या कट्ट्यावर एक वाक्य फिरत असतं: टोन बोटात असतो. वाक्य खरं आहे, पण ते म्हणून झालं की पुढचा अर्धा तास कुठला पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा तुकडा), कुठला अँप, कुठला पेडल यावरच बोलणं चालतं. आम्हीही ते केलं. 'कॉज वी हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स'मधली गिटार लेस पॉल की टेलिकास्टर यावर मी आणि दादा एका लग्नात वधूवर सोडून भांडलो आहोत. टेलिकास्टरच होती, सीमोर डंकनने गिब्सनचे पिकअप बसवून दिलेली. मी जिंकलो. पण त्या गाण्यात पहिला सूर नुसता फुगत येतो आणि मग रडू आवरावं तसा आवरतो, त्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही. पुरुष माणसं पिकअपबद्दल बोलतात.

दादाचा कागद बघितल्यापासून मला एक आकडा छळतो आहे. बावीस पडद्यांच्या गिटारच्या पहिल्या तारेवर अगदी शेवटच्या पडद्यावर बोट ठेवलं तरी मूळ सूर बाराशेच्या आत राहतो, सेकंदाला बाराशे कंपनं. म्हणजे दादाच्या रेघेत हजारापर्यंत जो सपाट भाग उरलाय, त्यात गिटारची जवळपास सगळी धून मावते. चाल त्याला पूर्ण ऐकू येते. मग त्याच्या वरच्या पट्ट्यात काय असतं? तारेवर घासणाऱ्या बोटाची सळसळ, छेडण्याचा कोन, धातूची चकाकी, पिकअपमुळे बदलणारे वरचे उपसूर. म्हणजे ज्याला आपण टोन म्हणतो, तेच. पस्तीस वर्षं ज्याच्यावर भांडलो, ते नेमकं तेवढंच दादाच्या कानातून गेलं आणि बाकी राहिलं. आणि 'व्हेअर वेअर यू'मध्ये हार्मोनिकमुळे खुद्द धूनच त्या कड्यापलीकडे चढते. मी निवडून निवडून काय लावलं होतं त्या दिवशी!

आत्या असताना एकदा वेगळंच घडलं होतं. 2001च्या अल्बममध्ये बेकने 'नादिया' वाजवलंय. मूळ रचना नितीन साहनीची, 1999च्या 'बियाँड स्किन'मधली, आणि गायलेली स्वाती नाटेकरांनी. मराठी गळा, आपल्या रागसंगीताची तालीम, खाली विलायती ड्रमची धावपळ. बेकने त्या गळ्याची ओळ गिटारवर उचलली. मी आत्याला आधी गिटार ऐकवली. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "मींड बरी घेतो. पण सूर सोडतो कसा बघ, घाईत. घरी कुणी वाट बघत असल्यासारखा." मग मूळ गाणं लावलं, तेव्हा तिने ताट बाजूला ठेवलं. दादाला फार आनंद झाला. "बघ, गायक लागतोच." मी वाद घातला, पण आत्याचं ते 'सूर सोडतो कसा बघ' माझ्या डोक्यात अडकून बसलं. तिने दोष म्हणून सांगितलं होतं. मला तो बेकचा सगळा स्वभाव वाटला. सूर पूर्ण उमलायच्या आत तो त्यावरून हात काढतो.

माणसं आणि बँडही त्याने तशीच सोडली. 1965 मध्ये एरिक क्लॅप्टनच्या जागी यार्डबर्ड्स या बँडमध्ये आला. त्याच वर्षी 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी एका सतारवाल्याला बोलावलं होतं, मनासारखं जमेना, तेव्हा बेकने फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारं यंत्र, लावून तीच सतारीची ओळ गिटारवर काढून दिली. पुढच्या वर्षाअखेर तिथून बाहेर. 1969च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या प्रचंड संगीतमहोत्सवात वाजवायचं ठरलेलं असताना ऐन तोंडावर स्वतःचा बँड मोडला. दादा हे आजही घरातली जमीन गेल्यासारखं सांगतो. मग दुसरा संच, मग बोगर्ट आणि अपिस यांच्याबरोबरचा तिघांचा, तोही फार टिकला नाही. मधे गिटार बाजूला ठेवून तो जुन्या गाड्यांखाली शिरायचा. हॉट रॉड, म्हणजे इंजिन बदलून वेगवान केलेल्या जुन्या गाड्या, स्वतःच्या हाताने बांधायचा, त्याच बोटांनी. मला याचा राग येतो. पाच माणसं पाच वर्षं एकत्र राहिली असती तर काय झालं असतं, हे दादाचं दुःख मला वयाच्या पन्नाशीत कळायला लागलंय. पण तो थांबला असता तर 1989चा तो हात घडला असता का? याचं उत्तर मला दादाला देता आलेलं नाही.

10 जानेवारी 2023ला बेक गेला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मेंदूज्वराने. आपल्याकडे बातमी बारा तारखेला सकाळी कळली. दादाचा फोन आला, पण तो काही बोललाच नाही. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी म्हणालो, "कळलं." तो म्हणाला, "हं." दोन वर्षांनी, 2025च्या जानेवारीत, ख्रिस्टीज या लिलावसंस्थेने लंडनमध्ये त्याच्या गिटारी लिलावात काढल्या. 'ब्लो बाय ब्लो'च्या मुखपृष्ठावरची ती काळपट तांबडी लेस पॉल दहा लाख पौंडांच्या वर गेली. बेसवाल्या मित्राने आकडा पाठवला, खाली तीन उद्गारचिन्हं. मी दादाला दाखवला. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. "पट्टी झिजलीय बघ कुठे कुठे," म्हणाला. किमतीबद्दल काहीच नाही.

तर, ते "हो". भाद्रपदापासून ते माझ्या मागे लागलं होतं. मी त्याला सांभाळून घेतलं असं मला वाटत होतं, पण ज्या माणसाने मला ऐकायला शिकवलं त्याच्यापासून मी एक सूर लपवला होता. दिवाळीच्या आधी पुन्हा गेलो. त्याने कानाला लावायचं यंत्र घेतलं होतं. बोलणं छान कळतं, पण गाणं पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं येतं म्हणाला, म्हणून गाण्याच्या वेळी काढून डबीत ठेवतो. त्याने ते काढलं, डबीचं झाकण लावलं आणि 'बोलेरो' लावायला सांगितलं. लावलं. दादाचा डावा हात मांडीवर होता. गिटार सुरू झाली तशी त्याची बोटं मांडीवर चालायला लागली. त्याने आयुष्यात गिटार वाजवलेली नाही. पण जिथे सूर ओढला जातो तिथे त्याचं मधलं बोट पँटच्या कापडाला चुणी पाडत वर सरकत होतं, अगदी त्याच क्षणी, आणि त्याच हिशेबाने परत येत होतं. किंकाळीच्या आधी अर्धा श्वास त्याने भुवया उचलल्या. कापडाला पडलेली ती चुणी मी बघत राहिलो.

गाणं थांबलं. दादा म्हणाला, "आता तुझं लाव. आणि या वेळी संपलं की मगच सांग."

त्याला कळलं होतं. फोनच्या पडद्यावर सरकणारी रेघ त्याने तेव्हाच बघितली असणार. मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. लावलं. त्या जागेपाशी आल्यावर दादाचा चेहरा माझ्याकडे वळला. मी तर्जनी वर धरली. सूर जसा चढला तशी आणखी वर नेली, वाकला तशी वाकवली, आणि कीबोर्डचा थर विरून अगदी काही उरलं नाही तोवर हात तसाच ठेवला. दादाची नजर बोटावरून हलली नाही. मग मी हात खाली घेतला.

"हात चांगलाय," दादा म्हणाला. "पण गायक हवा होता."